ठरेपर्यंत थांबलेला खेळ

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे. टीव्हीला जोडायचं एक काळं, चपटं यंत्र. पण या घरात मला कन्सोल असं कुणी कधी म्हटलं नाही. पहिल्याच दिवशी आईनं विचारलं, "कुठे ठेवायचा हा डबा?" आणि मी डबाच झालो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. हाक मारणाऱ्याच्या मनात माया असली की डबा हे नावही गोड लागतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना हातमोजे घातलेल्या बायका बसल्या होत्या. एकीनं माझ्यात पंखा बसवला, दुसरीनं वायरी जोडल्या, तिसरीनं अकरा स्क्रू आवळले. अगदी शेवटी बसलेल्या बाईनं मला सुरू केलं आणि उचलून कानाशी धरलं. झोपलेल्या लेकराचा श्वास आई जसा ऐकते ना, तसा तिनं माझा पंखा ऐकला. मग मान हलवली आणि मला खोक्यात ठेवलं. माझ्याबरोबर दोन कंट्रोलर ठेवले, दोघांनी हातात धरायचे. मी तेव्हाच समजलो की आपलं काम एकट्यासाठी नाही.

दुकानाच्या काचेआड मी बरेच दिवस होतो. एके दिवशी गळ्यात टेप घातलेला एक माणूस आला. तो शिंपी होता. त्यानं दुकानदाराला काही विचारायच्या आधी माझी लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली आणि खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतली.

दुकानदार हसून म्हणाला, "काका, शर्ट शिवताय का त्याला?"

"टीव्हीखालच्या फळीत बसला पाहिजे," शिंपी शांतपणे म्हणाला. "दहादा मोजावं, एकदा कापावं."

तो तीनदा आला आणि तीनदा मोजून गेला. चौथ्यांदा आला तेव्हा मला घेऊन गेला. जाताना दुकानदार पुटपुटला, "सुटलो बाबा!" तो स्वतःबद्दल म्हणाला की माझ्याबद्दल, कोण जाणे.

शिंप्याचं घर म्हणजे एकापाठोपाठ एक तीन खोल्या. रस्त्याकडेच्या खोलीत त्याचं दुकान होतं. दोन शिलाई मशिनी, कापायचं मोठं टेबल आणि भिंतीवर टांगलेले खाकी कागदाचे नमुने. मधल्या खोलीत टीव्ही, एक सतरंजी आणि खिडकीजवळ आईची प्रार्थनेची जागा. आतली खोली दोन मुलींची. थोरली तेव्हा दहा वर्षांची होती, धाकटी पाच वर्षांची.

हा शिंपी बाप फार न्यायाचा माणूस. एका कापडातून दोघींचे फ्रॉक बेतायचा, एकीला फुलाची नक्षी आणि दुसरीला नुसता काठ असं कधी होऊ द्यायचा नाही. केक कापतानाही त्याच्या गळ्यातल्या टेपकडे त्याचा हात जायचा. आई म्हणायची, "अहो, खाऊ द्या की लेकरांना. तो काय कोट आहे?" पण मुली मात्र शहाण्या होत्या. आपल्या बापाच्या घरात आपल्याला कधी कमी पडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी दिवे लागले की आई खिडकीजवळ डोळे मिटून प्रार्थनेला बसायची. अर्धा तास. ताप असो, पाहुणे असोत, तिचा नेम चुकला नाही. मुलींचा अभ्यास तोवर झालेला असायचा, म्हणून तोच अर्धा तास त्यांना माझ्यासाठी मिळाला. अट एकच होती: टीव्हीचा आवाज बंद.

त्यांच्याकडे डिस्का चार-पाच होत्या, पण जीव एकीवरच जडला. दोन बकऱ्या डोंगर चढतात असा तो खेळ होता. एक पांढरी, एक तपकिरी. दोघींना एका दोरीनं बांधलेलं. एक पुढे पळाली तर दुसरी फरपटायची, एक थांबली तर दुसरीला थांबावं लागायचं. एकूण चाळीस टप्पे. पांढरी थोरलीची, तपकिरी धाकटीची.

आवाज बंद असल्यामुळे सगळे आवाज त्या तोंडानं काढायच्या, तेही कुजबुजत. उडी मारली की थोरली "हुप" म्हणायची. दगड कोसळला की धाकटी गालात हवा भरून "धबब्" करायची. बकरी दरीत पडली की दोघी मिळून बारीक आवाजात "मेंऽऽ" करायच्या आणि मग हसू दाबता दाबता दोघींचे खांदे हलायचे.

"ए बारके, दोरी ओढू नकोस गं!"

"मी कुठे ओढतेय? तूच पळतेयस, ताई."

"श्शू! आईची प्रार्थना."

आईला सगळं ऐकू यायचं. एकदा ती शेजारणीला म्हणाली होती, "यांची कुजबुज चालू असली ना, की माझं मन लवकर लागतं. सगळं घर जागच्या जागी आहे असं वाटतं." मित्रांनो, आयुष्यात माझं जे कौतुक झालं, त्यात हे सगळ्यांत मोठं. मला देवाधर्मातलं काही कळत नाही. पण रोज ठरल्या वेळी एकत्र बसणं म्हणजे काय, ते मी त्या खोलीत शिकलो. आईचा एक नेम होता आणि मुलींचा एक. मधे एक सतरंजी, बस.

अशी पाच वर्षं गेली. तीस टप्पे पार झाले. एकतिसावा फार कठीण होता.

मग तपकिरी बकरीच्या कंट्रोलरचं उडीचं बटण अडकू लागलं. आधी दोनदा दाबावं लागे, मग चारदा, मग ते आत गेलं ते वर आलंच नाही. शिंप्यानं तो कंट्रोलर कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "आतली रबरी गादी फाटलीय. ठेवून जा, उद्या देतो."

शिंपी विचारात पडला. घरी येऊन त्यानं मुलींना समोर बसवलं आणि म्हणाला, "हा डबा आता जुना झाला. आज बटण गेलं, उद्या आणखी काही जाईल. याच्यावर खर्च करण्यापेक्षा नवीनच घेऊ. तुम्हीच सांगा, काय घ्यायचं?"

"गेमिंग कॉम्प्युटर!" थोरली म्हणाली.

"नवा डबा!" धाकटी म्हणाली.

दोघी एकाच श्वासात बोलल्या. मग दोघींनी चमकून एकमेकींकडे पाहिलं. इतकी वर्षं दोरीनं बांधलेल्या बकऱ्या पहिल्यांदाच दोन वाटांना लागल्या होत्या.

थोरलीचं म्हणणं खोटं नव्हतं. तिला चित्रं काढायची होती, घरांचे आराखडे काढायला शिकायचं होतं. कॉम्प्युटरवर अभ्यासही होतो, खेळही होतो. जुना झाला तर आतला एखादा भाग बदलता येतो, सगळाच टाकावा लागत नाही. धाकटीचं म्हणणंही खरं होतं. "कॉम्प्युटरसमोर एकच खुर्ची असते," ती म्हणाली. "मी काय तुझी पाठ बघत बसू?"

"तुला पण देईन की खेळायला."

"देशील. पण माझ्याबरोबर खेळशील का?"

थोरली हसली आणि तिची वेणी ओढून म्हणाली, "वेडे, खेळेन की!"

कुणावरही अन्याय होऊ नये म्हणून शिंप्यानं एक मोठा खाकी कागद घेतला, मधोमध खडूनं रेघ मारली. डावीकडे कन्सोल, उजवीकडे कॉम्प्युटर. तो कागद पॅंटच्या नमुन्यांशेजारी भिंतीवर लागला. आणि तो मुलींना म्हणाला, "ठरेपर्यंत थोडं थांबा. घाईत कापलेलं कापड पुन्हा जोडता येत नाही."

मित्रांनो, त्या "ठरेपर्यंत" या शब्दानं माझा घात केला. कुणी वाईट नव्हतं. कुणी मला लाथ मारली नाही, आपटलं नाही. फक्त सगळे थांबले.

पहिल्या संध्याकाळी दोघी सवयीनं सतरंजीवर येऊन बसल्या. दुसरा कंट्रोलर चालत नाही म्हणून आळीपाळीनं खेळायचं ठरलं. पण दोरी एकीची नसतेच. थोरली म्हणाली, "जाऊ दे, नवीन आला की खेळू." दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नेमाचं असंच असतं. पहिला दिवस चुकवायला काहीतरी कारण लागतं. दुसरा दिवस आपसूक चुकतो, आणि तिसऱ्या दिवशी चुकल्याचं लक्षातही येत नाही.

दुकानात मात्र कागद वाढत चालला. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यात भर घालू लागलं. अर्धवट शिवलेला, टाचण्या लावलेला कोट अंगात घालून उभे असलेले फोटोग्राफर म्हणाले, "कॉम्प्युटरच घ्या, मास्तर. कन्सोल म्हणजे खेळणं, कॉम्प्युटर म्हणजे अवजार."

"हात खाली ठेवा, टाचणी टोचेल," शिंपी म्हणाला आणि खडूनं उजवीकडे लिहिलं: अवजार.

दुसऱ्या दिवशी पॅंट सैल करून घ्यायला दातांचे डॉक्टर आले. "छे छे! माझ्या मुलाला दिला कॉम्प्युटर. हा भाग बदल, तो भाग बदल, खेळायचं राहिलं बाजूला. कन्सोल लावला की सुरू. दात काढण्याइतकं सोपं."

"कुणाला सोपं? काढणाऱ्याला की काढून घेणाऱ्याला?" शिंप्यानं विचारलं. पण डावीकडे लिहिलं: लावला की सुरू.

मग कळलं की नवे कन्सोलही दोन जातींचे आहेत. एकाला डिस्क घालायची खाच असते, एकाला नसते. बिनखाचेच्यात जुनी डिस्क चालणार नाही. डावीकडची बाजू पुन्हा दुभंगली. तेवढ्यात कुणी सांगितलं, चार महिन्यांनी नवं मॉडेल येतंय. शिंपी म्हणाला, "मग आत्ता घेणं बरं नाही." चार महिन्यांनी ते आलं, तेव्हा कॉम्प्युटरमधलं चित्रं दाखवणारं कार्ड बदलणार असल्याची बातमी आली. खडू पुसला गेला, पुन्हा लिहिला गेला. तो बिचारा रोज रात्रीच्या जेवणाआधी कागदासमोर उभा राहून मान तिरपी करून बघायचा. पण मापं जुळेनात.

इकडे थोरली संध्याकाळी मैत्रिणीकडे कॉम्प्युटरवर शिकायला जाऊ लागली. धाकटी मात्र ठरल्या वेळी सतरंजीवर यायची. चांगला कंट्रोलर ती पहिल्या भोकात लावायची आणि पांढरी बकरी दोन पावलं पुढे न्यायची. मग वायर काढून दुसऱ्या भोकात लावायची आणि तपकिरी बकरी दोन पावलं पुढे न्यायची. पुन्हा काढायची, पुन्हा लावायची. "हुप" ती म्हणायची, आणि "धबब्" पण तीच म्हणायची. पहिल्यांदा एक आवाज थोडा जाड काढायची, ताईसारखा. पुढे पुढे दोन्ही आवाज सारखेच येऊ लागले. नंतर तेही थांबले. अशा खेळानं एकतिसावा टप्पा पार होत नाही. मी सुद्धा काही करू शकत नव्हतो. मी यंत्र आहे, दरी लहान करणं माझ्या हातात नाही.

आई त्या शांततेत डोळे उघडायची. प्रार्थनेच्या मधेच. मी ते पाहिलंय.

एके संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, ते बटण तरी दुरुस्त करून आणा की तोवर."

"आणलं असतं गं. पण पुढच्या महिन्यात नवीन येणारच आहे ना? मग जुन्याला ठिगळ कशाला?"

"ठिगळ लावायला तुम्हीच नको म्हणताय?"

शिंपी ओशाळून हसला. पण बटण आलं नाही, आणि तो पुढचा महिना येता येता जवळजवळ दोन वर्षं उलटली. धाकटीनं मग मला सुरू करणंही सोडलं. माझ्यावर आधी धूळ बसली. मग दुकानातून उडून येणारी कापडाची लव माझ्या जाळीतून आत शिरली आणि पंख्याभोवती गुंडाळली गेली. कानाशी धरणारी बाई आता फार दूर होती.

मग एक पत्र आलं. थोरलीला दुसऱ्या शहरात आराखडे काढायच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. पंधरा दिवसांत निघायचं होतं. घरात आनंद झाला. त्याच संध्याकाळी शिंप्यानं भिंतीवरचा कागद उतरवला, टेबलावर पसरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच न मोजता मधल्या रेघेवर कापला. साठवलेल्या पैशांचे त्यानं दोन सारखे भाग केले. एका भागात थोरलीला कॉम्प्युटर आणि दुसऱ्या भागात धाकटीला नवा कन्सोल. बिनखाचेचा. अर्ध्यात तोच बसत होता.

"आता कुणाची तक्रार नको," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मनानं तो फार निर्मळ माणूस आहे, मित्रांनो. म्हणूनच त्याच्या चुकीवर रागावता येत नाही, आणि रागावता येत नाही म्हणून ती जास्त टोचते.

थोरलीचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत लागला. ती कानांवर हेडफोन चढवून बसली, आणि दिवसचे दिवस त्यात काय काय भरत राहिली. धाकटीचा नवा कन्सोल मधल्या खोलीत, माझ्याच फळीवर लागला. मला खाली जमिनीवर ठेवलं. नव्याच्या खोक्यात कंट्रोलर एकच निघाला.

दोघींनी प्रयत्न केला नाही असं नाही. "मी तिकडून, तू इकडून, इंटरनेटवरून खेळू," थोरली म्हणाली होती. पण जो खेळ दोन्ही यंत्रांवर एकत्र चालायचा, तो अर्ध्या पैशाच्या कॉम्प्युटरला झेपेना. चित्र अडकत अडकत चालायचं. जो झेपत होता, तो कन्सोलवर मिळतच नव्हता. भिंतीपलीकडून हाका चालल्या.

"बारके, दिसलं का माझं नाव?"

"नाही गं ताई. तुला?"

"मला पण नाही. थांब हं, काहीतरी बघते."

धाकटी थांबली. तिला थांबायची सवय झाली होती.

आई चहाचा कप घेऊन दुकानात गेली. "दोघींना दोन आणलंत. आता कोण कुणाशी खेळणार?"

शिंपी मशिनीवरून मान वर न करता म्हणाला, "कुणाला कमी-जास्त तर झालं नाही ना?"

"नाही," आई म्हणाली. "अगदी सारखं झालं."

निघायच्या आदल्या संध्याकाळी धाकटी आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "ताई, एकदा डब्यावर? फक्त अर्धा तास."

थोरलीनं हेडफोन काढले. सामान अर्धं भरलेलं होतं. ती म्हणाली, "चल!"

किती दिवसांनी दोघींच्या मांड्या त्या सतरंजीवर शेजारी शेजारी टेकल्या! आई खिडकीजवळ बसली. धाकटीनं माझ्यावरची धूळ ओढणीनं पुसली, माझी वायर टीव्हीला जोडली. रेडिओवाल्याकडे ती स्वतः जाऊन आली होती, स्वतःचे पैसे देऊन बटण नीट करून आणलं होतं. एका दिवसाचंच तर काम होतं ते. पांढरी बकरी आणि तपकिरी बकरी एकतिसाव्या टप्प्यावर उभ्या होत्या, दोरीसकट.

"हुप," थोरली कुजबुजली.

माझा पंखा फिरू पाहत होता. आतली लव त्याला धरून ठेवत होती. मी सगळा जोर लावला. मी तापलो. अंगातला प्लास्टिकचा वास मलाच येऊ लागला. अजून थोडं, मी म्हणत होतो, अजून पंचवीस मिनिटं. बकऱ्या पहिला सुळका चढल्या. धाकटीनं गालात हवा भरली. आणि टीव्हीवर काळोख पसरला.

मला पुन्हा सुरू केलं. मी दोन मिनिटं टिकलो. तिसऱ्यांदा सुरूच झालो नाही.

"जाऊ दे गं, जुना झालाय तो," थोरली मऊ आवाजात म्हणाली. तिनं धाकटीच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि सामान भरायला उठून गेली. धाकटी रडली नाही. तिच्या गालातली हवा तेवढी हळूच बाहेर आली.

आता थोरली दूर आहे. आठवड्यातून एकदा फोन येतो. "काय चाललंय?" "काही नाही. तुझं?" "माझंही काही नाही." तिला नव्या मैत्रिणी मिळाल्यात, कामही फार असतं. धाकटी नव्या कन्सोलवर अनोळखी लोकांशी खेळते. ती जिंकते सुद्धा. आवाज टीव्हीतून येतो, म्हणून तिला तोंडानं काढावा लागत नाही. आईनं सांगितलंय, आता आवाज मोठा ठेवलास तरी चालेल.

मला एका पिशवीत घालून दुकानाच्या दाराशी ठेवलंय. परवा जुनी यंत्रं गोळा करणारी गाडी येईल. ते तांबं वेगळं काढतील, प्लास्टिक वेगळं. त्यातून काहीतरी नवं होईल असं म्हणतात. पण तिसाव्या टप्प्यापुढची ती वाट, दोन बकऱ्या आणि त्यांची दोरी ज्या लहानशा तुकड्यात साठवली आहे, तो तुकडा कुणी वेगळा काढत नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. कन्सोल घ्या, कॉम्प्युटर घ्या, तुम्हाला जे परवडेल आणि आवडेल ते घ्या. आम्हा यंत्रांची जाळी महिन्यातून एकदा पुसा, एवढंही पुष्कळ आहे. पण नवीन काय घ्यायचं हे ठरेपर्यंत जुन्यावर खेळायचं थांबवू नका. बटण अडकलं तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून आणा. आपल्या शेजारी जो बसलेला असतो, तो थांबत नसतो. तो वाढत असतो.

माझ्याकडून त्या दोघींना पंचवीस मिनिटं देणं राहिलं. ती आता कुणीच देऊ शकणार नाही.